प्रतिकृती नेमकी कोणत्या मोटारीची?

थॉमस फ्लायर या मोटारीची लहान प्रतिकृती करायला घेणाऱ्याला कानस किंवा करवत हाती धरण्याआधी एक तारीख ठरवावी लागते. १२ फेब्रुवारी १९०८ रोजी न्यूयॉर्क ते पॅरिस या शर्यतीसाठी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधून निघालेली मोटार करायची, २४ मार्चला सॅन फ्रान्सिस्कोला पोचलेली करायची, सायबेरियाच्या चिखलात रुतलेली करायची, की ३० जुलैला पॅरिसमध्ये शिरलेली? नाव चारही ठिकाणी एकच आहे; मोटार मात्र चारही ठिकाणी सारखी नाही. तारीख न ठरवता काम सुरू केले तर ते लवकरच अडते, कारण मडगार्डला पोचा दाखवायचा की नाही, मागे किती टायर बांधायचे, दिवे दोन की एक, या प्रश्नांना तारखेशिवाय उत्तरच नाही. 'तीच मोटार' म्हणजे काय आणि 'तिच्यासारखी' म्हणजे काय, हे तत्त्वज्ञानातले दोन जुने प्रश्न इथे कारागिराच्या टेबलावर येऊन बसतात.

'न्यूयॉर्क टाइम्स' आणि पॅरिसचे 'ल मातँ' या वृत्तपत्रांनी ही शर्यत भरवली होती. तीन फ्रेंच मोटारी, एक जर्मन, एक इटालियन आणि एक अमेरिकन अशा सहा मोटारी उतरल्या. बेत असा की अमेरिका आडवी ओलांडायची, अलास्कात जायचे, बेरिंगची सामुद्रधुनी गोठलेली असताना तिच्यावरून सायबेरिया गाठायचा आणि तिथून युरोप. अलास्कात वाल्डेझला उतरल्यावर कुत्र्यांच्या घसरगाडीपुरती वाट आहे, मोटारीला नाही, हे कळले आणि बेत बदलला. थॉमस फ्लायर जहाजाने सिॲटलला परत आली, पुढे जपान आणि मग व्लादिवोस्तोक. अमेरिकेची मोटार होती बफलो शहरातल्या ई. आर. थॉमस कंपनीची: १९०७ सालची, चार सिलिंडरची, साठ अश्वशक्तीची, मागची चाके साखळीने फिरवणारी. शर्यतीसाठी वेगळी घडवलेली नव्हे, कारखान्याच्या नेहमीच्या उत्पादनातून उचललेली. जर्मन प्रोटोस पॅरिसला चार दिवस आधी पोचली. पण अमेरिकेत काही वाट तिने आगगाडीवर चढून काटली म्हणून तिला पंधरा दिवसांचा दंड झाला आणि अलास्काच्या फेरीबद्दल थॉमसला पंधरा दिवसांची सूट मिळाली. त्यामुळे १६९ दिवसांनी पोचलेली थॉमस सव्वीस दिवसांनी जिंकली असे ठरले.

या १६९ दिवसांत मोटारीचे काय काय झाले ते पाहिले की तारखेचा आग्रह का धरावा लागतो हे समजते. बर्फात, चिखलात, रेल्वेच्या रुळांमधल्या स्लीपरांवरून ती चालली. टायर तर बदलले जाणारच होते. गिअरचे दात मोडले, चासी दुरुस्त करावी लागली, सुटे भाग मागवून बसवावे लागले. सामानाची मांडणीही मुक्कामागणिक बदलत गेली. चालक बदलले. माँटेग्यू रॉबर्ट्स वायोमिंगमधल्या शायेनपर्यंतच होता, पुढे दुसऱ्यांनी चक्र हाती घेतले. अमेरिकन चमूपैकी न्यूयॉर्कपासून पॅरिसपर्यंत सारी वाट केलेला माणूस एकच, कंपनीचा मेकॅनिक जॉर्ज शुस्टर.

भाग बदलले तर वस्तू तीच राहते का, या प्रश्नाची भारतीय परंपरेतली सर्वांत प्रसिद्ध चर्चा योगायोगाने वाहनाचीच आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात सागल नगरीचा, म्हणजे आजच्या सियालकोटचा, ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला भेटायला रथातून येतो. नागसेन त्याला विचारतो की रथ म्हणजे त्याचा आस का, चाके का, जू का, दांडा का. राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. सगळ्यांचा ढीग म्हणजे रथ का, यालाही नाही म्हणतो. भागांवाचून वेगळा रथ आहे का, यालाही नाही. निष्कर्ष असा की 'रथ' ही भागांच्या आधाराने चालणारी व्यवहाराची संज्ञा आहे, भागांमागे दडलेले वेगळे द्रव्य नाही. प्रतिकृती करणाऱ्याला हे मत पहिल्यांदा फार सोयीचे वाटते. तोही भागच करत असतो, आणि सुटे भाग टेबलावर पसरलेले असताना तिथे थॉमस फ्लायर कुठेच नसते.

न्यायदर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, हे मान्य नव्हते. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अवयवीची, म्हणजे भागांनी बनलेल्या अखंड वस्तूची, बाजू मांडली आहे: अवयवांहून वेगळा अवयवी मानला नाही, तर एका टोकाला धरून सगळी वस्तू उचलता येते, ओढता येते, याची उपपत्ती लागत नाही. रथ खराच आहे. तो आपल्या अवयवांत समवाय या अविभाज्य संबंधाने राहतो. पण या वास्तववादाची किंमत मोठी आहे. अवयवी अवयवांवर इतका अवलंबून असेल, तर एक अवयव गेला की जुना अवयवी नष्ट झाला आणि उरलेल्यांतून नवा उपजला असे म्हणावे लागते. आणि न्याय-वैशेषिकांनी ते म्हटलेही. मग 'ही तीच' ही ओळख सादृश्यामुळे होते. या हिशेबाने न्यूयॉर्क ते पॅरिस एक मोटार गेलीच नाही. मोटारींची एक लांबलचक रांग गेली. बक्षीस मात्र एकीलाच द्यायचे होते.

या अडचणीवर त्याच 'मिलिंदपञ्हा'त दुसरा दृष्टान्त आहे. रात्रभर तेवणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एक नाही, पण वेगळीही म्हणता येत नाही. एकीच्या आधारावर दुसरी, असा प्रवाह आहे. रथाच्या संवादापेक्षा हा दृष्टान्त शर्यतीच्या मोटारीला जास्त लागू पडतो. रथाची चर्चा एका क्षणापुरती आहे, दिव्याची काळातली आहे, आणि शर्यत ही काळातली गोष्ट आहे.

ग्रीकांकडे हाच प्रश्न प्लुटार्कने थिसियसच्या चरित्रात नोंदवला आहे. अथेन्सवासी थिसियसच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवत राहिले आणि तत्त्वज्ञांमध्ये वाद पडला. सतराव्या शतकात थॉमस हॉब्जने त्यात एक तिढा घातला: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवून त्यांचे पुन्हा जहाज बांधले, तर खरे कोणते? हॉब्जचा तिढा वाटतो तितका काल्पनिक नाही. जुन्या मोटारींच्या व्यवहारात एका चासीवरून दोन 'मूळ' गाड्या निघाल्याचे वाद होत आलेले आहेत आणि काही न्यायालयांपर्यंत गेले आहेत.

थॉमस फ्लायरच्या बाबतीत निवाडा एका माणसाच्या हातांनी झाला. थॉमस कंपनी १९१२ मध्ये डबघाईला आली, तिच्या मालमत्तेचा लिलाव झाला आणि ही मोटार हातोहात फिरत राहिली. १९६४ मध्ये नेवाडातल्या रीनो शहराचे कॅसिनोमालक आणि मोटारींचे मोठे संग्राहक बिल हॅरा यांनी ती घेतली. ती खरी तीच का, हे ठरवायला त्यांनी शुस्टरला बोलावले. तेव्हा त्याने नव्वदी ओलांडली होती. गाडी खोलल्यावर वाटेत केलेल्या दुरुस्त्यांच्या खुणांवरून त्याने ती ओळखली. या ओळखीत विशेष असे की खूण पटली ती मोडण्याची आणि सांधण्याची. कारखान्यातून जशी निघाली तशीच्या तशी एखादी थॉमस त्याच्यापुढे ठेवली असती, तर सादृश्य कितीही पूर्ण असले तरी त्याने ती नाकारली असती. सादृश्य कारखान्याने प्रत्येक गाडीला दिले होते. सांधा एकीलाच होता. नैयायिकाच्या मते ज्या क्षणी जुनी मोटार नष्ट झाली, नेमक्या त्याच क्षणाच्या खुणेने पुढे ती ओळखली गेली. न्यायमताला उत्तर देता येणार नाही असे नाही, पण ते दिवा आणि ज्योतीच्या मताच्या जवळ सरकल्याशिवाय देता येत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. सगळ्याच वाहनांचे एकत्व इतिहासाच्या खुणांवर ठरत नाही. पुरीच्या जगन्नाथाचा नंदीघोष रथ दर वर्षी नव्या लाकडाचा बांधतात. सोळा चाके, ठरलेली मापे, ठरलेली सुतार घराणी आणि ठरलेला विधी यांमुळे तो दर वर्षी नंदीघोषच असतो. गेल्या वर्षीच्या रथाच्या आसाला तडा गेला होता का, याच्याशी भक्ताला कर्तव्य नाही. नंदीघोषाची लाकडी प्रतिकृती पुरीच्या बाजारात मिळते तिच्यावर तारीख नसते आणि असण्याचे कारणही नाही. वस्तू कशासाठी आहे त्यावर तिच्या एकत्वाची कसोटी ठरते. विधीच्या रथाला आकार आणि संस्कार पुरतात. शर्यतीच्या मोटारीला घडलेले सगळे लागते. म्हणून शर्यतीच्या मोटारीची कारखान्यातून निघतानाची चकचकीत प्रतिकृती ही सर्वांत कमी खरी, असे म्हणायला हरकत नाही. ती थॉमस कंपनीच्या एका मॉडेलची प्रतिकृती आहे, त्या मोटारीची नव्हे.

तारीख ठरली की ज्ञानाचा प्रश्न येतो. त्या दिवशी मोटार कशी होती हे कळणार कसे? न्यायदर्शनाची चार प्रमाणे इथे कामाच्या ओघात आपोआप वापरली जातात. प्रत्यक्ष आहे ते आज रीनोच्या संग्रहालयात असलेल्या त्याच मोटारीचे. अनुमान छायाचित्रांवरून चालते: चाकाचे माप कंपनीच्या यादीत असते, त्यावरून छायाचित्रातल्या बाकीच्या लांब्या प्रमाणात काढता येतात. चाक ३६ इंचांचे असेल तर १:२४ मापात ते दीड इंचाचे होते आणि बॉनेट, पाटे, आसन त्यापुढे मोजत जायचे. मात्र कॅमेरा तिरका असेल तर जवळचे लांब आणि लांबचे आखूड येते, आणि अनुमानात हेत्वाभास शिरतो. उपमानासाठी त्याच साली त्याच कारखान्यात झालेल्या इतर गाड्या आहेत. शब्दप्रमाण आहे ते सोबत गेलेल्या वार्ताहरांच्या बातम्यांचे आणि शुस्टरच्या 'द लाँगेस्ट ऑटो रेस' या १९६६ च्या पुस्तकाचे. शुस्टर आप्त, म्हणजे विश्वासार्ह सांगणारा, खराच, पण अठ्ठावन्न वर्षांनंतरचा.

रंगाबाबत छायाचित्रांचा पुरावा जवळजवळ मुका आहे. १९०८ च्या सुमारास सर्रास वापरल्या जाणाऱ्या छायाचित्रणाच्या काचा लाल रंगाला जवळपास आंधळ्या आणि निळ्याला फार संवेदनशील होत्या. लाल वस्तू त्यांत काळी उतरायची आणि फिकट निळी पांढरी. तेव्हाच्या छायाचित्रात गडद दिसणारे चाक काळे असेल, लाल असेल, तपकिरीही असेल. करडेपणावरून रंगाचा पडताळा घेऊ पाहणारा माणूस हेतू (खूण) आहे पण व्याप्ती (खुणेचा रंगाशी अटळ संबंध) नाही, अशा स्थितीत असतो.

आणि इथेच लेख आणि प्रतिकृती यांच्यातला मोठा फरक उघड होतो. लेखकाला रंग माहीत नसेल तर तो रंगाविषयी गप्प राहू शकतो. प्रतिकृतीला गप्प राहता येत नाही. चाकाला कोणता ना कोणता रंग असतोच. रंग दिला नाही तर पितळेचा किंवा प्लास्टिकचा असतो. तिच्या भाषेत 'कदाचित' नाही, 'बहुधा' नाही आणि 'नाही' तर नाहीच. मोटारीच्या पोटाखालचे एकही छायाचित्र हाती नसले तरी पोटाखाली काहीतरी करावेच लागते. रोमच्या केंद्रीय पुनर्स्थापना संस्थेत चेझारे ब्रांदी यांच्या काळात जुन्या चित्रांच्या बाबतीत अशाच अडचणीवर एक तोड निघाली. रंग उडालेली जागा बारीक उभ्या रेघांनी भरायची. लांबून चित्र अखंड दिसते, जवळ गेले की भर कुठे घातली ते कळते. प्रतिकृतीतही अंदाजाने केलेले भाग न रंगवता पितळेचे ठेवता येतात. दिसायला ते विचित्र दिसते हे खरे, आणि बहुतेक कारागीर म्हणूनच ते करत नाहीत.

सारखेपणाचा प्रश्न याहून खोल आहे. प्लेटोच्या 'सोफिस्ट' या संवादात नक्कल करण्याच्या कलेचे दोन प्रकार केले आहेत. एकात मूळ वस्तूची लांबी, रुंदी, खोली यांचे प्रमाण जसेच्या तसे पाळले जाते. दुसऱ्यात पाहणाऱ्याला ते बरोबर वाटावे म्हणून प्रमाण मुद्दाम बिघडवले जाते; उंच पुतळ्याचा वरचा भाग खालून लहान दिसतो म्हणून शिल्पकार तो मोठा करतो. प्लेटोला दुसरा प्रकार संशयास्पद वाटला. लहान मापाच्या कामात मात्र पहिला प्रकार शेवटपर्यंत निभत नाही. १० मिलिमीटरच्या रिव्हेटचे डोके १:२४ मध्ये ०.४ मिलिमीटर होते. तेवढे करता येते. पण मोटारीवरचा पातळसा रंग त्याच प्रमाणात घटवायचा तर तो हाताने देताच येत नाही. प्रतिकृतीवरचा एक दशांश मिलिमीटरचा थर मूळ मापात अडीच मिलिमीटरांच्या आसपास जातो, म्हणजे गिलावाच. लाकडी आऱ्यांचेही तसेच. खऱ्या लाकडाचे आरे करावेत तर लाकडाचे रेषे लहान होत नाहीत आणि आरा ओंडक्यातून कापल्यासारखा दिसतो. पितळेचा आरा करून त्यावर लाकडाचा रंग दिला तर तो लाकडाचा वाटतो. द्रव्याशी प्रामाणिक राहिले की रूप खोटे पडते.

वजनाच्या बाबतीत तर प्रमाण पाळणे निसर्गालाच मान्य नाही. गॅलिलिओने १६३८ मध्ये दाखवून दिले की आकार बदलला की घनफळ घनाच्या आणि छेदाचे क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात बदलते. मोटारीचे माप चोविसाव्या हिश्श्याला आणले, तर त्याच धातूंच्या प्रतिकृतीचे वजन १३,८२४ वा हिस्सा होते; दोन टनांची मोटार दीडशे ग्रॅमांच्या आत येते. सामानाने लादलेल्या थॉमसचे पाटे ओझ्याने दबलेले दिसतात. प्रतिकृतीत पोलादाचे खरेखुरे चालणारे पाटे बसवले तर ते दबणारच नाहीत, मोटार कोरडी ताठ उभी राहील. म्हणून कारागीर पाटा पकडीने आधीच वाकवून बसवतो. ओझे दाखवण्यासाठी त्याला ओझ्याचा परिणाम ओझ्यावाचून घडवावा लागतो. प्लेटोच्या दुसऱ्या प्रकाराला याहून चांगले समर्थन सापडणार नाही.

मग अशी वस्तू पाहताना पाहणाऱ्याच्या मनात काय होते? नवव्या शतकातल्या काश्मिरी आचार्य श्रीशंकुकाने नाटकाविषयी हाच प्रश्न सोडवताना चित्रातल्या घोड्याचा दृष्टान्त दिला. चित्रातला घोडा पाहून 'हा घोडा' असे ज्ञान होते. पण ते सम्यक ज्ञान नाही, भ्रम नाही, संशय नाही आणि 'हा घोड्यासारखा आहे' असे सादृश्यज्ञानही नाही. ते चारींहून वेगळे आहे. शेल्फावरची प्रतिकृती दाखवून 'ही थॉमस फ्लायर' म्हणणारा माणूस खोटे बोलत नाही आणि फसलेलाही नाही, हे या दृष्टान्ताने नेमके पकडले जाते. अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी शंकुकाला गाठले ते दुसऱ्या बाजूने: नाटकाला अनुकरण म्हणता, तर मूळ पाहिलेले हवे, रामाला कोणत्या नटाने पाहिले आहे? शेंदूर, हरताळ असे रंग विशिष्ट रीतीने मांडले की गाईच्या अवयवांसारखी रचना भासते, एवढेच. हा आक्षेप प्रतिकृतीवर पूर्ण लागू आहे. ३० जुलै १९०८ ची मोटार आज प्रतिकृती करणाऱ्या कोणीही पाहिलेली नाही. तो मोटारीचे अनुकरण करत नाही. तो छायाचित्रे, याद्या आणि आठवणी यांतून एक रचना उभी करतो.

रचना हा शब्द इथे लुडविग विट्गेनस्टाइनपर्यंत नेतो, आणि तोही एका खेळण्यातल्या मोटारीपाशी. सप्टेंबर १९१४ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यात असताना त्याने टिपणवहीत नोंद केली की पॅरिसच्या न्यायालयात मोटारीचा अपघात बाहुल्या वगैरे वापरून उभा करून दाखवतात, तसेच वाक्यात जग चाचणीपुरते मांडलेले असते. न्यायालयातली लहान मोटार हुबेहूब असण्याची गरज नव्हती. ती कोणत्या मोटारीच्या जागी आहे आणि कुठे आहे एवढे ठरलेले पुरे होते. त्यातून पुढे 'ट्रॅक्टेटस'मधले मत घडले की चित्र म्हणजे वास्तवाचा नमुना, आणि ते खरे किंवा खोटे असू शकते. महत्त्वाचा भाग हा शेवटचा आहे. वस्तू खरी किंवा खोटी नसते, ती फक्त असते. प्रतिकृती मात्र खोटी ठरू शकते, कारण ती काहीतरी म्हणते: अमुक दिवशी हे असे होते. म्हणून तिचे मोल कारागिरीच्या बारकाव्याइतकेच तिच्या म्हणण्यावर ठरायला हवे. प्रदर्शनांत पारितोषिके देताना या दुसऱ्या गोष्टीकडे डोळेझाक होते.

हे सगळे धागे बांधायला जैनांची निक्षेपाची चौकट सर्वांत उपयोगी आहे. एखादे नाव वस्तूवर कोणकोणत्या अर्थांनी ठेवले जाते याचे चार प्रकार उमास्वातींच्या 'तत्त्वार्थसूत्रा'त सांगितले आहेत: नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. नाम म्हणजे नुसते नाव. कारखान्याने 'फ्लायर' हे नाव कित्येक गाड्यांना दिले ते या अर्थाने. स्थापना म्हणजे एका वस्तूच्या ठिकाणी दुसरीचा आरोप. तिचे दोन भेद आहेत: आकार जुळणारी, जशी मूर्ती, आणि आकार न जुळणारी, जसे बुद्धिबळातल्या सोंगटीला हत्ती म्हणणे. द्रव्य म्हणजे पूर्वी जी अवस्था होती किंवा पुढे होणार आहे तिच्यावरून आज नाव देणे. राज्य सोडलेल्यालाही राजा म्हणतात तसे. भाव म्हणजे ती अवस्था या घटकेला प्रत्यक्ष असणे.

या चौकटीत प्रत्येकाची जागा लागते. शर्यतीत धावणारी थॉमस फ्लायर भावाने होती, १२ फेब्रुवारी ते ३० जुलै १९०८ या काळात, आणि त्यानंतर कधीच नाही. विट्गेनस्टाइनच्या न्यायालयातली मोटार ही सोंगटीसारखी स्थापना. टेबलावरची १:२४ ची प्रतिकृती ही मूर्तीसारखी. मूर्तीला मात्र प्राणप्रतिष्ठेने भाव येतो अशी श्रद्धा आहे. प्रतिकृतीसाठी तसा विधी नाही आणि तसा दावा कोणी करूही नये. रीनोमधली मोटार द्रव्याने शर्यतीची आहे: तीच चासी, आज शर्यतीत न धावणारी. पण तिथेही एक गुंता आहे. हॅरा यांच्या कारागिरांनी ती शर्यत संपतानाच्या अवस्थेला परत नेली. चासीवरचे सांधे १९०८ चे. पण पॅरिसला पोचतानाचे जे रूप तिला नंतर दिले गेले, ते मोटारीच्या अंगावरच केलेली १:१ मापाची प्रतिकृती आहे. संग्रहालयातली मोटार म्हणून अंशतः द्रव्य आणि अंशतः स्थापना आहे. तिच्यावरून नक्कल करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, नाहीतर नकलेची नक्कल होते आणि चूक दोनदा छापली जाते.

चिखलाविषयीही निर्णय याच चौकटीतून निघतो. प्रतिकृतीवर धूळ, गंज, तेलाचे ओघळ रंगवण्याची कला आता फार पुढे गेली आहे, आणि तिच्यावर आक्षेप असा की न घडलेल्या प्रवासाचा चिखल लावणे ही लबाडी. ती लबाडी तेव्हा होते, जेव्हा चिखल सर्वसाधारण असतो. कुठलाही, कुठेही शिंतडलेला. सायबेरियातल्या एखाद्या दिवसाच्या छायाचित्रात जिथे आहे तिथेच, तेवढाच लावलेला चिखल हा रिव्हेटाइतकाच पुराव्याचा भाग आहे. मुळातली चासी प्रवासाने मोडली आणि प्रतिकृतीतला सांधा कारागिराने कोरला, हा फरक राहतोच. स्थापनेत भाव नसतो, म्हणून तो राहणारच.

शेवटचा प्रश्न पॅरिसचा. ३० जुलैच्या संध्याकाळी शहरात शिरताना मोटारीचा एक दिवा निकामी होता आणि पोलिसाने नियमावर बोट ठेवून ती अडवली, असे सांगतात. एका सायकलस्वाराने आपला दिवा देऊ केला. तो सायकलवरून निघेना, म्हणून दिव्यासकट अख्खी सायकलच मोटारीवर चढवली गेली. ती सायकल थॉमस कंपनीची नव्हे, चमूची नव्हे, शर्यतीच्या नियमांतही तिचा कुठे उल्लेख नाही. पॅरिसच्या काही रस्त्यांपुरतीच ती मोटारीवर होती. तरी त्या संध्याकाळी मोटार तिच्यामुळेच पुढे जाऊ शकली. प्रतिकृतीच्या पाटीवर '३० जुलै १९०८, पॅरिस' असे लिहायचे असेल, तर सायकल करावीच लागेल. ती करायची नसेल तर पाटीवरची तारीख एक दिवस मागे घ्यावी.